शेतकऱ्याची वाढलेली नजर व लांबलेला हात

माणसाच्या अंगचे सामर्थ्य निसर्गाने मर्यादित ठेवले आहे. दिवसाकाठी त्याला काही ठरावीक अंतर चालता येते, ठरावीक ओझे वाहता येते, आणि समोर जे उभे आहे त्यापलीकडचे त्याला दिसत नाही. शेतीची सर्व अवजारे ही या मर्यादा थोड्याथोड्या मागे सारण्यासाठी निर्माण झालेली आहेत. हल्ली ड्रोन, उपग्रह, संवेदक व कृत्रिम बुद्धिमत्ता यांची चर्चा गावोगावच्या पारावर ऐकू येते. ही साधने आपल्या शक्तीत नेमकी कोणती भर घालतात आणि कोणती घालू शकत नाहीत, याचा विचार आपल्या जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, याचा बराच मोठा भाग अवर्षणप्रवण आहे. अकोल्याच्या पश्चिमेकडील घाटमाथा सोडला तर बहुतेक तालुक्यांत वर्षाचा पाऊस सरासरीने सहाशे मिलिमीटरच्या आतच असतो. येथील वयोवृद्ध शेतकऱ्यांना मोट आठवते. बैलजोडी धावेवरून खाली उतरे, मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाला लागे. बैल दमले की मोट थांबे व तेवढ्या अवधीत विहिरीला पुन्हा पाझर फुटे. बैलाची दमछाक हीच त्या काळी विहिरीची राखण होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पुढे ऑइल इंजिने आली, मागोमाग विजेच्या मोटारी आल्या व शेवटी बोअर खोल खोल जाऊ लागले. त्यायोगे शेतकऱ्याच्या हाताचे बळ शेकडो पटींनी वाढले. परंतु जमिनीखाली पाणी किती आहे हे पाहण्याची नजर मात्र मोटेच्या काळी होती तेवढीच राहिली. ज्या हाताला विहीर एका रात्रीत उपसता येते, त्या हाताच्या धन्याला विहिरीत उद्या काय राहील हे ठाऊक नाही, अशी स्थिती झाली. दुष्काळी तालुक्यांतील कोरड्या बोअरांची मालिका ही या विषम वाढीची फलश्रुती होय.

जमिनीखालची नजर

या दृष्टीने नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण पुष्कळ बोलके आहे. श्री. पोपटराव पवार १९८९ मध्ये तेथे सरपंच झाले. १९९० नंतरच्या दशकात गावाने आदर्श गाव योजनेच्या साहाय्याने डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले, माती अडविली, झाडे लावली. हे सर्वश्रुत आहे व त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. त्यापेक्षा गावाने पुढे जे केले ते आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. गावाने पर्जन्यमापक बसविले, निवडक विहिरींची पाणीपातळी नियमाने मोजण्यास प्रारंभ केला, आणि पावसाळा संपताच त्या वर्षीच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची प्रथा पाडली. माणसांना व जनावरांना किती, खरिपाला किती, रब्बीला किती आणि उन्हाळी पिकाला काही उरते किंवा नाही, हे आकड्यांवरून ठरू लागले. पाऊस कमी झाला त्या वर्षी अधिक पाण्याची पिके घ्यावयाची नाहीत, हे गाव स्वतःच्या मोजमापावरून ठरविते. सिंचनासाठी बोअर घेण्यास व ऊस-केळीसारख्या पिकांस तेथे मज्जाव आहे.

पर्जन्यमापक हे काही नवे यंत्र नव्हे, आणि विहिरीत दोरी सोडून पातळी मोजणे हे तर त्याहून साधे. तथापि या साध्या साधनांनी त्या गावाला जमिनीच्या पोटात पाहण्याची शक्ती दिली. आणि ती शक्ती एका शेतकऱ्याला न मिळता साऱ्या गावाला मिळाली, हे त्यातील विशेष होय. माझ्या मते कोणत्याही नव्या यंत्राची पारख करताना हिवरे बाजारची दोरी शेजारी ठेवून पाहावी. यंत्र किती महाग आहे वा किती अद्भुत आहे यापेक्षा त्यामुळे आपल्याला आजवर न दिसलेले काय दिसू लागले, हा प्रश्न आधी विचारावा.

एक ठिपका म्हणजे एक गुंठा

मानवी डोळ्याला तांबड्या रंगाच्या पलीकडील प्रकाश दिसत नाही. पिकाच्या पानाची स्थिती मात्र त्या न दिसणाऱ्या प्रकाशात अधिक स्पष्ट उमटते. निरोगी पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते व पानाची आतील रचना तांबड्याच्या पलीकडचा, म्हणजे अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पीक ताणात येऊ लागले की हे प्रमाण बदलते, आणि पुष्कळदा पान पिवळे दिसण्यापूर्वीच बदलते. या दोन प्रकाशांच्या तुलनेतून एक निर्देशांक काढला जातो. उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यानचा हा आकडा पिकाच्या हिरवेपणाचे माप समजला जातो.

२०१५ पासून युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ हे उपग्रह अशी चित्रे घेत आहेत. दर पाच दिवसांच्या सुमारास त्यांची फेरी आपल्या शेतावरून होते व ही चित्रे सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतील प्रत्येक ठिपका दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढ्या जमिनीचा असतो. म्हणजे शंभर चौरस मीटर, किंवा आपल्या भाषेत जवळजवळ एक गुंठा. अडीच एकर उसाचे चित्र म्हणजे शंभर गुंठ्यांचे शंभर ठिपके झाले. बांधावर उभे राहून ज्याला पुढच्या चार सऱ्यांपलीकडे दिसत नव्हते, त्याला आता कोणता गुंठा मागे पडला हे घरी बसून कळू शकते.

येथेच एक इशारा देणे अगत्याचे आहे. चित्रात फिका ठिपका दिसला म्हणजे पीक तेथे कमकुवत आहे एवढेच कळते. ते का कमकुवत आहे हे उपग्रहाला ठाऊक नसते. उसाच्या फडातील फिका पट्टा नत्राच्या उणिवेने पडलेला असेल, भारी जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरल्याने असेल, चुनखडीमुळे लोह न मिळाल्याने असेल, किंवा जमिनीत हुमणीच्या अळ्या मुळे कुरतडीत असतील. वरून पाहता या चारही रोगांचा चेहरा एकच. उपाय मात्र परस्परविरोधी. पाणी साचलेल्या जागी युरिया वाढविला तर पैसा वाया गेला, आणि हुमणी असता पाणी कमी केले तर पीकच गेले. यासाठी कुदळ घेऊन त्याच गुंठ्यात जावे, उसाचे बेट उपटून पाहावे, मुळे हाताळावीत, माती मुठीत दाबून पाहावी. पूर्वी हा शोध साऱ्या शेतात अंदाजाने घ्यावा लागे, आता नेमक्या जागी जाता येते. पीक लहान असताना उघड्या काळ्या मातीमुळे आकडा फसवा येतो आणि खरिपात ढग आडवे येऊन आठवडेच्या आठवडे चित्र मिळत नाही, हेही ध्यानी असावे.

पाण्याच्या बाबतीत असेच एक साहाय्य आपल्याच जिल्ह्यात निर्माण झाले आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९६८ मध्ये झाली, 'फुले इरिगेशन शेड्यूलर' या नावाचे मोबाइल उपयोजन तयार केले आहे. ऊन, तापमान, वारा व हवेतील आर्द्रता यांवरून पिकाने किती पाणी खर्च केले याचा हिशेब करून आज किती पाणी द्यावे हे त्यातून सांगितले जाते. प्रवरेच्या पाटाखाली अधिक पाण्याने चांगल्या जमिनी खारपड होत गेल्याचा अनुभव ज्यांच्या घराण्यांत आहे, त्यांना या हिशेबाचे मोल निराळे सांगावयास नको. पण उपयोजनाला जमिनीचा प्रकार आपणच सांगावयाचा असतो. आपल्याकडे एकाच सर्व्हे नंबरात वरच्या अंगाला मुरूम व खालच्या अंगाला तीन फूट काळी माती, असा प्रकार सर्रास आढळतो. दोन्हीकडे एकच उत्तर वापरले तर वरचे पीक सुकेल व खालचे पिवळे पडेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधी येथे थोडक्यातच लिहितो. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उपग्रह, हवामान केंद्र व जमिनीतील संवेदक यांची माहिती एकत्र करून उसावर प्रयोग हाती घेतले आहेत. राज्य शासनाने २०२५ ते २०२९ या कालावधीसाठी कृषी क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण जून २०२५ मध्ये मंजूर केले. ही साधने म्हणजे वाढविलेली स्मरणशक्ती होय. हजारो शेतांचे अनुभव लक्षात ठेवून त्यांतून आपल्या शेताशी जुळणारा अनुभव शोधणे, हे त्यांचे काम. ज्या गावच्या नोंदीच नाहीत त्या गावच्या शेताला त्यांचे उत्तर ढोबळच मिळणार, म्हणून पेरणीची तारीख, वाण, खत व उत्पन्न यांची साधी वही प्रत्येकाने आजपासून ठेवणे हितावह ठरेल.

फवारणाऱ्याची पाठ

आता हाताकडे वळू. पाठीवरच्या पंपाने एक एकर फवारणे म्हणजे काय, याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. वाढलेल्या पिकाला एकरी सुमारे दोनशे लिटर पाणी लागते. सोळा लिटरचा पंप धरला तर बारा-तेरा पंप होतात. भरलेल्या पंपाचे वजन वीस किलोच्या आसपास. एक मीटर रुंदीचा पट्टा एका फेरीत भिजतो असे मानल्यास एकरात चार किलोमीटर चालणे झाले. हे चालणे चिखलातून, पिकातून, आणि आपणच समोर उडविलेल्या विषाच्या धुक्यातून. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ते आपल्यासारखेच लोक होते आणि त्यांच्या पाठीवरचे पंपही आपल्याच पंपांसारखे होते.

उसाची गोष्ट तर त्याहून कठीण. पाच-सहा महिन्यांनंतर फडात माणूस शिरू शकत नाही. २००२ मध्ये महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला तेव्हा उंच उसात औषध पोहोचवावे कसे हाच मोठा प्रश्न होता, व पुढे मित्रकीटकांचा आधार घ्यावा लागला. अशा जागी ड्रोन माणसाला पूर्वी अजिबात नसलेली शक्ती देतो. दहा लिटर टाकीचा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वरून उडतो, तीन-चार मीटरचा पट्टा घेतो आणि एक एकर आठ-दहा मिनिटांत उरकतो. चालविणारा बांधावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा असतो.

मात्र एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. औषधाची एकरी मात्रा तीच राहते, पाणी मात्र दोनशे लिटरांवरून दहा लिटरांवर येते. म्हणजे ड्रोनच्या टाकीतील द्रावण पाठपंपापेक्षा वीसपट तीव्र असते. यातून तीन गोष्टी ओघाने येतात. पहिली अशी की, ड्रोनने वापरण्यास मान्यता असलेले औषध व त्याची शिफारस केलेली मात्राच वापरावी, अन्यथा पाने करपतात. न विरघळणारी भुकटी तर नोझलही बंद पाडते. दुसरी अशी की, वाऱ्याने भरकटलेला थेंबही वीसपट तीव्र असतो. आपल्या जिल्ह्यात दुधाचा धंदा मोठा आहे. उसाच्या शेजारी घासाचा वाफा असतो व संध्याकाळी तोच घास गाईपुढे पडतो. तेव्हा वारा सेकंदाला तीन मीटरपेक्षा अधिक असेल तर फवारणी थांबवावी, शेजाऱ्यास व ग्रामपंचायतीस आगाऊ कळवावे, आणि चारा, विहीर, मधपेट्या व वस्ती यांपासून पुरेसे अंतर राखावे. तिसरी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. फडात चालणारा माणूस वाचला, पण द्रावण कालविणारा माणूस दिवसभरात पंधरा-वीस एकरांचे मूळ औषध हाताळतो. हातमोजे, तोंडावरचा मास्क व चष्मा यांची गरज आता त्याला आहे.

परवाना, नकाशा व चालक

ड्रोन हे कायद्याच्या दृष्टीने विमान होय. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र शासनाने ड्रोनविषयक नियम जारी केले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात फवारणीची कार्यपद्धती ठरवून दिली. फवारणीचा ड्रोन चालविणाऱ्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. असे प्रशिक्षण राहुरीच्या विद्यापीठात दिले जाते. उड्डाणापूर्वी 'डिजिटल स्काय' या शासकीय संकेतस्थळावरील नकाशा पाहणे बंधनकारक समजावे. आपल्या जिल्ह्यात तर याचे महत्त्व विशेष आहे. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे २०१७ पासून शिर्डीचा विमानतळ सुरू आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरपर्यंतचे आकाश निर्बंधांच्या कक्षेत येते. नगर शहरालगत लष्कराची ठाणी व खारे कर्जुन्याच्या बाजूस तोफांच्या सरावाचे मैदान आहे. आपले शेत हिरव्या क्षेत्रात आहे की नाही, हे भाड्याचा ड्रोन बोलाविण्याआधी पाहावे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेखाली देशातील पंधरा हजार महिला बचतगटांना ड्रोन देण्याचे ठरले. किमतीच्या ऐंशी टक्के, कमाल आठ लाख रुपयांपर्यंत साहाय्य, आणि गटातील एका भगिनीला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण, असे तिचे स्वरूप आहे. ज्या स्त्रियांच्या हाती आजवर खुरपे होते त्यांच्या हाती हे यंत्र येत आहे. ही घटना मला लहान वाटत नाही. स्त्रीला फवारणीचे काम न देण्याचे कारण वीस किलोचा पंप हे सांगितले जाई, ते कारणच आता उरले नाही. तथापि बॅटरीचे एक उड्डाण दहा-पंधरा मिनिटांचे असते, चार संच तरी जवळ लागतात, ते भारित करण्यास वीज लागते आणि ड्रोन शेतापर्यंत नेण्यास गाडी लागते. गटाने ड्रोन घेण्यापूर्वी या खर्चाचा व दुरुस्तीच्या सोयीचा विचार आधी करावा.

एका गावी प्रात्यक्षिक संपल्यावर पन्नाशीतला एक फवारणी मजूर जवळ आला व म्हणाला, "साहेब, यंत्र लई झाक हाय. पन माझ्या रोजाचं काय?" मी म्हणालो, "मामा, तुमच्या अंगावरचे विष तरी टळेल." तो हसून म्हणाला, "इष टळलं, पन रोजबी टळला की." त्याचे म्हणणे खरे होते. दिवसाकाठी वीस एकर फवारणारे यंत्र अनेकांचा रोज घेते, हे लपवून चालणार नाही. पण याच माणसांना नोझलची, पिकाच्या उंचीची, वाऱ्याची व किडीच्या जागेची जी जाण आहे ती पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात येत नाही. कीड पानाच्या पाठीमागे आहे की पोग्यात, हे ड्रोनचालकाने त्यांनाच विचारावे लागते. म्हणून बचतगटांनी व सोसायट्यांनी ड्रोनबरोबर जो मदतनीस ठेवावयाचा, तो बाहेरून न आणता गावच्या फवारणी मजुरांतून घ्यावा व त्यास द्रावण तयार करण्याचे रीतसर शिक्षण आणि संरक्षक कपडे द्यावेत, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. त्याने सर्वांचा रोज वाचणार नाही, काहींचा वाचेल.

भाड्याचा ड्रोन बोलाविताना

चालकाचे प्रमाणपत्र व ड्रोनचा नोंदणी क्रमांक प्रथम पाहून घ्यावा. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावी. भर दुपारच्या उन्हात बारीक थेंब पानावर पोहोचण्यापूर्वीच हवेत आटतो. शक्य असल्यास शेतात चार ठिकाणी पाण्याने रंग पालटणारे कागदाचे तुकडे पानांवर टाचून ठेवावेत. उड्डाणानंतर ते पाहिले असता थेंब कोठे पडले व कोठे सुटले हे लगेच समजते. विजेच्या तारा, बांधावरची बाभूळ व शेताचे कोपरे चालकाला आधी दाखवून द्यावेत.

आणि मागच्या शेतात त्याने काय फवारले होते, हे विचारल्याखेरीज टाकी भरू देऊ नये. उसातील तणावर टू-फोर-डी मारून आलेला ड्रोन न धुता कपाशीवर, टोमॅटोवर अगर द्राक्षाच्या बागेवर उडविला, तर टाकीत व नळीत उरलेल्या अंशानेही पाने वेडीवाकडी होऊन पिकाचे नुकसान होते. टाकी, नळ्या व नोझल स्वच्छ पाण्याने तीन वेळा आपल्या डोळ्यांदेखत धुऊन घ्यावीत, आणि ते धुतलेले पाणी विहीर, ओढा वा पाट यांपासून दूर, पडीक जागी खड्डा घेऊन त्यात जिरवावे.